चावी तिसऱ्या टप्प्यात

२ जानेवारी, सकाळी ९.४०
उद्यापासून साडेपाचला उठणे. सात वाजता केंद्र उघडणे. नऊ महिने झाले, केंद्र साडेदहाला उघडतंय. पण सक्षमीकरण म्हणजे काही आगगाडी नव्हे की वेळेवर सुटायलाच हवी. आज थंडी होती, शिवाय आठवडा अर्धा संपलाय. अर्ध्या आठवड्यात नवी सवय लावू नये, ती टिकत नाही.

परिस्थितीची एकदाच नोंद करून ठेवतो. संस्था परदेशातली. अकरा विकसनशील देशांत बायका आणि मुलींसाठी काम करते. आमचं केंद्र म्हणजे एक लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, बाहेर दोन पायऱ्या आणि बारा जणी. जळालेल्या पंपाच्या मोटारी येतात. बायका आतली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश पाजतात, वाळवतात, आणि मोटार परत पाण्यावर जाते. तार तांब्याची. म्हणून दाराला कुलूप, आणि कुलपाची चावी माझ्याकडे. कार्यक्रम प्रमुख मी. मला मोटारीतलं काही कळत नाही, पण नेतृत्वाला थोडं अंतर लागतंच.

३ जानेवारी
उठलो ८.१५. हिने गजर बंद केला असणार. ही म्हणते, तुम्हीच केलात, आणि करताना गजराला 'पुढच्या टप्प्यात बघू' म्हणालात. हिचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी आहे.

केंद्रावर १०.३५. बारा जणी पायऱ्यांवर आणि पायऱ्यांच्या आजूबाजूला बसलेल्या. मोटारवालीने पुन्हा चावीचा विषय काढला. मोटारवाली म्हणजे बारा जणींची म्होरकी. नवऱ्याचं वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीत तार भरायचं, दुकान आठ वर्षं तिने चालवलं आणि पाटीवर नाव नवऱ्याचं होतं. आवाज भांड्यांच्या दुकानासारखा. म्हणाली, साहेब, चावी आमच्याकडे द्या, मी समोरच्या गल्लीत राहते, सातला उघडते. मी तिला तीन टप्पे पुन्हा समजावले. पहिला टप्पा जाणीव. दुसरा आत्मविश्वास. तिसरा चावी. सध्या आपण पहिल्याच्या उत्तरार्धात आहोत. तिने विचारलं, उत्तरार्ध किती वाजता संपतो? प्रश्न विचारायला लागल्या आहेत, म्हणजे जाणीव येतेय.

८ जानेवारी
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. वळणावरून येत होतो तेव्हा आमची सगळ्यात धाकटी, एकोणीस वर्षांची, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होती. हातात कायम पाना असतो म्हणून तिला सगळ्या पानाच म्हणतात. पाना सांगत होती, आत्ता नाही हो काका, अजून सक्षमीकरण चालू आहे, ते संपलं की लगेच तुमची मोटार घेते.

माझे डोळे भरून आले. नऊ महिन्यांपूर्वी या मुलीला हा शब्द उच्चारता येत नव्हता. आज ती गिऱ्हाइकापेक्षा सक्षमीकरणाला आधी मान देते. मुख्य कार्यालयाच्या तिमाही अहवालात हे घालणे. मथळा: 'शब्द रुजला.'

१५ जानेवारी
पाणीपुरवठा खात्याचे इंजिनिअर येऊन गेले. चाळीस पंपांची वर्षभराची दुरुस्ती आमच्या केंद्राला द्यायची तयारी आहे. अट एकच: दार सातला उघडलं पाहिजे. पंप पहाटे जळतो, दुपारपर्यंत परत लागला नाही तर अख्खा भाग कोरडा राहतो. एक साधा फॉर्म आहे. त्यात चावी कोणाकडे, आणि चावीवाला किती मिनिटांत येऊ शकतो, एवढं भरायचं. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी.

ते गेल्यावर मोटारवालीने मला बोटांवर मोजून दाखवलं. संस्थेची मदत मार्चअखेर बंद होणार. हे काम मिळालं तर केंद्र स्वतःच्या पायावर उभं. नाही मिळालं तर बारा जणी घरी. आणि पानाच्या घरी सांगून ठेवलंय, केंद्र बंद झालं की दुसऱ्या दिवशी लग्न. मुलगा बघून झालाय. पाना हे ऐकत होती आणि एकच नट घट्ट करत होती, सैल करत होती, परत घट्ट करत होती.

मला कळत नाही असं नाही. मीही माणूस आहे. फॉर्म आजच भरून टाकला असता. पण त्याची भाषा फारच मामुली आहे. 'चावी कोणाकडे' हा काय प्रश्न झाला? 'कुलूप-व्यवस्थेचे अंतिम उत्तरदायित्व' असं हवं. फॉर्म बॅगेत घेतला. रविवारी निवांत बसून सुधारतो.

२२ जानेवारी
एक विलक्षण गोष्ट. मी १०.३० ला कुलूप उघडतो आणि अकराच्या आत तीन मोटारी तयार. पूर्वी एका मोटारीला अख्खा दिवस जायचा. विचारलं तर मोटारवाली म्हणाली, तुम्ही आलात की हाताला वेग येतो साहेब. बाकीच्या जणी खाली बघत होत्या. स्तुती ऐकताना बायका लाजतात.

आणखी एक निरीक्षण. मी पोचतो तेव्हाच त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असतात. घरूनच कामाच्या तयारीने येतात. दाराच्या बिजागऱ्यांना तेलही घालतात. हल्ली दार कुरकुरत नाही. याला म्हणतात आपलेपणा. दुसऱ्या टप्प्याची ही लक्षणं असू शकतात, पण इतक्यात सांगणार नाही. लगेच चावी मागतील.

३० जानेवारी
घरचा पंप जळला. ही म्हणाली, केंद्रात नेऊन देते. मी म्हटलं, वाइंडिंग केंद्राच्या प्रमुखाच्या घरची मोटार बाहेर जाणं शोभत नाही. मी बघतो. काढताना चार स्क्रू निघाले, लावताना तीन सापडले. मोटार लावल्यावर पंपाने पाणी ओढायचं सोडून वर सोडलं, बहुतेक माझ्या अंगावर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं नाही. स्क्रूच हलक्या दर्जाचे होते.

दुपारी केंद्रात गेलो तर आमची मोटार मोटारवालीच्या टेबलावर. आणि शेजारी स्टुलावर बसून तार गुंडाळणारी बाई ओळखीची वाटली, म्हणून पाहिलं तर ही. मी विचारलं, इथे काय? म्हणाली, बसल्या बसल्या शिकतेय, वेटोळी मोजायचा मला नाद लागलाय. लोकरीचे टाके मोजायची तशीच मोजत होती, ओठ हलवत. मोटारवाली म्हणाली, वहिनींचा हात चांगला आहे, एकदाही चुकल्या नाहीत.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. कौतुक केलं मी. चहा मात्र उशिरा मिळाला.

६ फेब्रुवारी
पत्र आलं! मुख्य कार्यालयातून पाहुण्या बाई येणार, २४ तारखेला सकाळी आठ वाजता. केंद्राला आणखी तीन वर्षं द्यायची की नाही हे त्याच ठरवणार. आपली भाषा त्यांनी पुस्तकांवरून शिकली आहे म्हणे, आणि नवा शब्द ऐकला की वहीत लिहून घेतात. उत्तम. माझ्याकडे शब्दांना तोटा नाही. हे जमलं तर विभागीय संचालकाची खुर्ची लांब नाही.

कार्यक्रम सुचला: 'चावी हस्तांतरण सोहळा'. चार फुटांची पुठ्ठ्याची चावी, वरून सोनेरी रंग. मी ती मोटारवालीच्या हाती देतो, टाळ्या, फोटो. चावी करायचं काम लेकीला दिलं. नववीत आहे, हात बरा आहे. लेक म्हणाली, बाबा, खरी चावी त्याच दिवशी देणार ना? मी म्हटलं, आधी प्रतीक, मग वस्तू. ती म्हणाली, मग या चावीने कुठलं कुलूप उघडतं? मी म्हणालो, मनाचं. ती आईकडे निघून गेली आणि आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. नववीतल्या मुली उगाचच हसतात.

१४ फेब्रुवारी
मोटारवालीने फॉर्मबद्दल चौथ्यांदा विचारलं. पाचवा मसुदा झालाय असं सांगितलं. ती म्हणाली, साहेब, नुसतं माझं नाव लिहा आणि पुढे 'चार मिनिटं' लिहा. इतकं सोपं असतं तर जगात कार्यक्रम प्रमुख लागलेच नसते.

हीसुद्धा त्यांच्याच बाजूची झाली आहे. रात्री जेवताना म्हणाली, त्या पानाचं लग्न तुमच्या बॅगेत पडून आहे. मला घास गोड लागला नाही. उद्याच भरणार. उद्या साडेपाचला उठणार, आधी फॉर्म, मग दात.

१५ फेब्रुवारी
उठलो ८.४०. आधी दात घासले. मग उशीर झाला.

२० फेब्रुवारी
रंगीत तालीम. प्रत्येकीला एक वाक्य दिलं. मावशींना (वय साठ, केंद्रात सगळ्यात थोरल्या, वार्निश यांच्याकडे) वाक्य होतं: 'आधी आम्ही अंधारात होतो.' मावशी म्हणाल्या, अंधारात कुठे, उन्हात होतो की. पायरीवर सावली साडेदहानंतर येते. मी म्हटलं, हा वैचारिक अंधार आहे. मावशी म्हणाल्या, मग तुम्हीच म्हणा ते वाक्य, तुम्हाला शोभेल. किती नम्रता! वाक्य माझ्याकडे घेतलं.

पानाला विचारलं, पाहुण्या बाई विचारतील, तुला काय हवंय, तर काय सांगशील? तिने सरळ सांगितलं, सातला दार. मी सुचवलं, 'क्षितिज' म्हण. ती म्हणाली, क्षितिजाला कुलूप असतं का?

२४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
उठलो! गजराच्या आधी! ही आणि लेक दोघी येऊन माझ्याकडे बघून गेल्या. इस्त्रीची नवी पँट. भाषण खिशात. सोनेरी चावी दाराशी उभी. आजचा दिवस माझा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
सविस्तर लिहितो.

चावी कुठल्याच गाडीत मावेना, म्हणून ती डोक्यावर धरून चालत निघालो. वारा होता. चावी मला दोनदा उलट्या दिशेला घेऊन गेली. एक कुत्रं शेवटपर्यंत सोबतीला होतं. पोचलो ८.२०. पाहुण्या बाई आलेल्या होत्या, पायरीवर मावशींच्या शेजारी बसून डब्याच्या झाकणातून चहा पीत होत्या. मी हसलो, स्वागत केलं, खिशात हात घातला आणि लक्षात आलं की खरी चावी जुन्या पँटमध्ये राहिली.

असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. मी हातात चार फुटांची चावी घेऊन बंद दारासमोर उभा. मग मोटारवालीने पानाकडे पाहिलं. पाना उठली, कमरेचे दोन पाने काढले, बिजागऱ्यांचे नट फिरवले, चौघींनी दार धरलं आणि कुलपाच्या बाजूने फिरवून बाजूला लावलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण तीन मिनिटंसुद्धा गेली नसतील. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मावशींनी तर नट ठेवायला वाटी आधीच पुढे केली होती.

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच सांगितलं की हा आत्मविश्वासाच्या दुसऱ्या टप्प्याचा परिणाम आहे, आमच्या प्रशिक्षणात आम्ही अडचणीवर मात करायला शिकवतो. मोटारवालीला जोराचा खोकला आला.

मग भाषण (बावीस मिनिटं), मग सोहळा. त्यानंतर मी चावी वाऱ्यात उडू नये म्हणून बाहेर धरून उभा राहिलो आणि बाई आत सगळ्यांशी बोलत बसल्या. ही पण आत होती. तार भरत होती. दारच नसल्यामुळे तुटक तुटक ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, सक्षमीकरण म्हणजे तुमच्या भाषेत नेमकं काय? मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. 'पायरीवर', 'रोज साडेतीन तास', 'लाइट गेली की पण होतं' एवढं कानावर आलं. साडेतीन तास! एवढा वेळ यांना माझ्या कामाची आठवण असते हे मला माहीत नव्हतं. बाई भराभर लिहून घेत होत्या. खूप हसल्या सगळ्या. वातावरण फार मोकळं होतं.

जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमचा शब्द मला फार उपयोगी पडेल. खुर्ची पक्की.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४.५०
आज फॉर्मची शेवटची तारीख आहे हे लेकीने फोन करून सांगितलं, तेव्हा ४.१० झाले होते. बॅगेत सातवा मसुदा होता. फॉर्मवर चहाचा गोल डाग. पाणीपुरवठा खात्याकडे अक्षरशः पळालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी पळालो. डोळ्यांसमोर ती मुलगी आणि तिचा तो एकच नट होता, आणि छातीत दुखत होतं, धावल्यामुळे किंवा दुसऱ्याच कशामुळे.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, या केंद्राचा फॉर्म पंचवीस तारखेलाच आला, दुसरा कोरा घेऊन भरला त्यांनी. चावी कोणाकडे: मोटारवालीचं नाव. किती मिनिटांत: चार. अक्षर माझ्या ओळखीचं होतं. हिचं.

बाकावर बसून पाणी प्यालो. फार हलकं वाटलं. नंतर विचार केला, त्यांना एवढी हिंमत कुठून आली? माझ्याच सात मसुद्यांच्या चर्चेतून. हे नोंदवून ठेवणे.

१२ मार्च
मुख्य कार्यालयाचं पत्र. केंद्राला तीन वर्षं मंजूर, पाणीपुरवठ्याचं कामही मिळालं. खाली लिहिलंय:

'या केंद्रात सक्षमीकरण रोज साडेतीन तासांपर्यंत चालत असे. प्रशिक्षणार्थींनी दार काढायची पद्धत शोधल्यापासून ते पंधरा मिनिटांवर आले. उरलेले सक्षमीकरणही तत्काळ आणि पूर्णपणे थांबवावे. सक्षमीकरण नसलेल्या केंद्राला कार्यक्रम प्रमुखाची आवश्यकता नाही. सबब हे पद ३१ मार्चपासून रद्द.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. दुसऱ्यांदा वाटलं बाईंची भाषा कच्ची. तिसऱ्यांदा हिला दाखवलं. ही शेजारी येऊन बसली आणि हळूच सांगितलं. साहेब येईपर्यंत पायरीवर बसून वाट बघायची, त्याला त्या सगळ्या पहिल्यापासून सक्षमीकरण म्हणतात. तुम्ही पहिल्या दिवशी उशिरा आलात आणि म्हणालात, तुम्ही बसला होतात ना, यालाच म्हणतात सक्षमीकरणाची सुरुवात. त्यांनी तेच धरलं. डिसेंबरपासून सातला दार काढून काम सुरू करायच्या, आणि सव्वादहाला दार परत लावून पायरीवर येऊन बसायच्या.

मी विचारलं, परत का लावायच्या? ही म्हणाली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मोटारवालीने सगळ्यांना बजावलं होतं, माणूस वाईट नाही, नुसता झोपाळू आहे.

वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, फार वाईट वाटलं. 'झोपाळू' हा शब्द योग्य नाही, पण आज त्यावर वाद घालावासा वाटत नाही.

१४ मार्च
चावी द्यायला गेलो. सकाळी सातला. दार उघडं होतं, बारा मोटारी मांडलेल्या, पाना स्टुलावर उभी राहून रांगेतल्या माणसांना ओरडून सांगत होती, एकेक जण या, पळून नाही जात आम्ही. लग्नाचं घरी आता कोणी बोलत नाही म्हणे. तिचा बाप रांगेत तिसरा होता, स्वतःची मोटार घेऊन.

मोटारवालीने चावी दोन्ही हातांत घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि म्हणाली, साहेब, कुलूप तर आम्ही कालच बदललं. ही तुम्हीच ठेवा, आठवण म्हणून. मग म्हणाली, वाटलं तर या कधी, तुमचं अक्षर चांगलं आहे, मोटारींवर चिठ्ठ्या लावायला माणूस हवाय. सातला यावं लागेल.

सोनेरी चावी पायरीवर अंथरलेली होती. मावशी तिच्यावर बसून चहा पीत होत्या. पुठ्ठा जाड आहे, गार लागत नाही म्हणाल्या.

निघताना ही आतून ओरडली, दूध तापवून ठेवा. हिला त्यांनी तेरावी म्हणून घेतलंय.

१५ मार्च
विचारांती ठरवलं: चिठ्ठ्यांचं काम स्वीकारायचं. पण पदनाम 'ओळख व्यवस्थापक' हवं. उद्यापासून साडेपाचला उठणे.

१६ मार्च
उठलो ९.०५. दूध उतू गेलं.

२१ मार्च, संध्याकाळी ५.४०
घराबाहेर पायरीवर बसून लिहितो आहे.

दुपारी अडीचला जरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो, मागे दार ओढून घेतलं आणि ते लागलं. लेकीचा शाळेनंतर क्लास आहे. ही केंद्रात. फोन केला तर म्हणाली, बाळंतिणींच्या दवाखान्याची मोटार आली आहे, वार्निश वाळल्याशिवाय हलता येणार नाही. मी विचारलं, मग माझ्याकडची घराची चावी कुठे आहे? ही म्हणाली, तुमच्याकडे कधी होती?

खरंच. अठरा वर्षांत मी घराची चावी कधी जवळ बाळगली नाही. बेल वाजवली की दार उघडायचं. ते कोण उघडायचं, हातातलं काय टाकून यायचं, याचा मी आजवर विचार केला नव्हता. खिशात एकच चावी आहे, तिने कुठलंच कुलूप उघडत नाही. तरी दोनदा लावून पाहिली.

मी फोनवर म्हटलं, उद्या मला एक वेगळी चावी करून दे. मागे मोटारवालीचं हसू ऐकू आलं. मग ही म्हणाली, देईन की, तिसऱ्या टप्प्यात.

बिजागऱ्या बघून आलो. नट आहेत. पाना नाही.

मघाशी शेजारच्या आजी भाजीची पिशवी घेऊन जाताना थांबल्या, तीन तास बघतेय, पायरीवर काय करत बसलात म्हणाल्या.

मी म्हटलं, सक्षमीकरण.